हयवदन मुलगी बघायला गेला

...अहो, खोटंच बोलायचं होतं ना, तर पोट दुखतंय म्हणायचं की हो! जगात एवढी माणसं रोज कामाला दांडी मारतात, कुणाचं पोट दुखतं, कुणाची दाढ ठणकते, कुणाची आजी चौथ्यांदा वारते, काही बिघडतं का कुणाचं? नाही! पण आमचे हयवदनराव... आता तुम्हाला सांगतो, मुलगा गरीब गाय, अकरा वर्षं बंगळुरात चिकपेटेत जयसिंगरावांच्या साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडतोय, कुणाला उलटा शब्द नाही, आणि अशा माणसानं आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला काय निवडावं? तर म्हणे, "अण्णा, गुरुवारी रजा पाहिजे होती. मुलगी बघायला जायचंय." मुलगी! मुलगी ही काय खोटं बोलायची वस्तू आहे? पोटदुखीला नाव नसतं, गाव नसतं, बाप नसतो. मुलीला हे सगळं असतं आणि लोक ते विचारतात.

मुलगी नव्हतीच. इंटरव्ह्यू होता! सत्त्याण्णव साल. रेसिडेन्सी रोडवर मॅग्नोलिया नावाचं नवं दुकान उघडणार होतं, पाच मजली, आत एसी, सरकता जिना, आणि पेपरात ही एवढी जाहिरात: 'कस्टमर सर्व्हिससाठी तरुण-तरुणी पाहिजेत, ब्लेझर आणि टाय कंपनीचा.' बाकी सगळं सोडलं आणि हयवदननं वाचला तो फक्त टाय. का? तर त्याआधी दोन वर्षांत तीन मुलींकडून नकार आला होता, खऱ्या मुली बरं का, आणि तिन्ही वेळा गाडी एकाच प्रश्नाशी अडली. "मुलगा काय करतो?" "चिकपेटेत असतो." "स्वतःचं दुकान?" "नाही, दुकानात साड्या दाखवतो." "असं होय... बरं, कळवतो हं." ते 'कळवतो' म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या नकारानंतर त्याची आई, कमलाबाई, म्हणाली, "हया, हे टायवालं काहीतरी बघ की रे," आणि लेकीच्या बाळंतपणाला धारवाडला निघून गेली. यानं अर्ज टाकला. कार्ड आलं. गुरुवार, सकाळी अकरा, चौथा मजला.

मग आता सरळ अण्णांना सांगायला काय झालं होतं? तेच तर! अण्णा म्हणजे जयसिंगराव, दुकानाचे मालक, पण मालक म्हणायला जीभ वळत नाही कुणाची. हयवदनचे वडील गेले तेव्हा हा सोळा वर्षांचा. तेराव्याला अण्णा आले, पानावर बसले, जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "उद्यापासून दुकानात ये." एवढंच. तेव्हापासून दुपारचं ताक अण्णांच्या घरून येतं, आणि त्यात हयवदनचं वेगळं, बिनमिरचीचं, त्याला ठसका लागतो म्हणून. आता अशा माणसासमोर उभं राहून कसं म्हणायचं, की अण्णा, मी टाय लावायला चाललो?

म्हणून पोटदुखीच ठरवली होती त्यानं! अगदी पक्की! पण काय झालं, मागे एकदा त्याचं खरंच पोट दुखलं होतं, तर अण्णांनी दुकान नागनाथच्या, म्हणजे दुसऱ्या नोकराच्या, अंगावर टाकलं, याला रिक्षात घातलं, डॉक्टरकडे दोन तास बसून राहिले आणि घरी ओवा पाठवला, हिंग पाठवला, वर मऊ भात पाठवला. म्हणून यानं काय विचार केला? की पोटदुखी नको, अण्णांना फार त्रास होतो. म्हणून मुलगी! बघा, म्हणजे खोटं बोलायचं तेसुद्धा समोरच्याच्या तब्येतीला जपून.

आणि अण्णांनी काय केलं असेल? हातातली कात्री खाली ठेवली. गिऱ्हाईक समोर बसलेलं, पदर अर्धा उलगडलेला, आणि अण्णा उठून उभे! "मुलगी? अरे हया! आणि हे असं उभ्या उभ्या सांगतोस? बस, बस आधी. कुठली?" "रेसिडेन्सी रोड." "रेसिडेन्सी रोडवर आपली माणसं कुठं राहतात रे?" "नवीनच आलेत, अण्णा." "घर कसं आहे?" "मोठं आहे. पाच मजली." "पाच! आणि माणसं?" "पुष्कळ. पेपरात जाहिरात दिली होती." "सरी, सरी, ठीक आहे... आणि मुलीचं नाव?" आता आली पंचाईत! हयवदननं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, समोर फॉल लावायला ठेवलेल्या साडीवर चिठ्ठी होती, त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, 'वसुमती'. म्हणाला, "वसुमती." झालं. नाव सोडलं तर एक अक्षर खोटं नाही बघा त्यात. अण्णांनी तिथल्या तिथे घरी फोन लावला, "विमला! ऐकलंस का? हयाला स्थळ आलंय! पाच मजली!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं. पलीकडच्या पितळी भांडेवाल्यानं येऊन हात मिळवला. पोट दुखतंय म्हणायचं की हो!

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते तुम्हाला काय सांगू! दिवसा अण्णांची तयारी आणि संध्याकाळी सुशांतची. अण्णांची तयारी अशी, की गिऱ्हाईक नसलं की समोर बसवायचं. "मी मुलीचा बाप. विचारतो हं. काय करता?" "साड्या दाखवतो." "चूक! साड्या दाखवतो म्हणायचं नाही. म्हणायचं, जयसिंगरावांच्या दुकानाचं सगळं मी बघतो." "पण अण्णा, सगळं तर तुम्ही बघता." "मी काय बघतो रे? मी बसतो. बघतोस तू. म्हण!" मग हा म्हणायचा, "सगळं मी बघतो," आणि म्हणताना जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं. "नखं दाखव. मान वर. मुलीकडे बघू नकोस टक लावून, दारातल्या चपला बघ, घर कसं आहे ते चपला सांगतात." ही अण्णांची जुनी शिकवण, गिऱ्हाईक गादीवर चढायच्या आधी बाहेर चपला काढतं ना, तेव्हा तोंडाकडे नाही बघायचं, चपलांकडे बघायचं. चालत आलं की रिक्षानं, घाईत आहे की निवांत, लग्नाची खरेदी आहे की नुसती हौस, सगळं चपलेत. आणि शेवटी, "व्यसन?" "नाही." "मंगळ?" "नाही." "शाब्बास!" आणि पाठीवर अशी थाप, की हयवदनला वाटावं, आत्ताच सांगून टाकावं, आत्ताच. तोंड उघडायचा. तेवढ्यात गिऱ्हाईक. "बन्नी अम्मा, बन्नी! या, बसा!"

आणि संध्याकाळी हलसूरला घरी सुशांत. सुशांत म्हणजे वरच्या खोलीतला भाडेकरू, पुण्याचा, इंदिरानगरला एका कॉम्प्युटर कंपनीत कामाला, आणि इंटरव्ह्यू देण्यात एवढा तरबेज, की नोकरी टिकवायला त्याला वेळच होत नसे. तो खुर्चीत मागं रेलणार, पेन फिरवणार, "सो! टेल मी अबाऊट युवरसेल्फ!" हयवदन उभा राहिला, हात जोडले. "माय नेम इज हयवदन. सन ऑफ लेट रघुनंदन. नो स्मोकिंग, नो ड्रिंकिंग, नो मंगळ." "मंगळ?" "सॉरी, ते दुपारचं." "हे बघ हयवदन, वडिलांना आत आणायचं नाही. हात जोडायचे नाहीत. शेकहँड. फर्म! आता विकनेस सांग तुझा." "दुपारी मला ताक लागतं." "अरे, असं नाही! विकनेस असा सांगायचा की ती स्ट्रेंथ वाटली पाहिजे. आय ॲम अ परफेक्शनिस्ट." "म्हणजे खोटं सांगायचं?" "खोटं काय त्यात? इंटरव्ह्यू आहे तो!" बघा, या पोराला एकाच आठवड्यात दोन-दोन गुरू, आणि दोघांचं म्हणणं एकच, की आहे ते सांगू नकोस.

पण खरा अडला कुठं, सांगू? "व्हाय डू यू वॉन्ट टू लीव्ह युवर प्रेझेंट जॉब?" सुशांत म्हणाला, "सोप्पं आहे रे, म्हणायचं, देअर इज नो ग्रोथ." "ग्रोथ म्हणजे?" "वाढ. तिथं तुझी वाढ होत नाहीये." हा म्हणाला, "असं कसं म्हणू? मी आलो तेव्हा वरच्या फळीला माझा हात पोचत नव्हता." सुशांतनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, उद्या करू. आणि दुसऱ्या दिवशीही तो प्रश्न आला की याचं गाडं तिथंच रुतायचं. मन खात होतं हो त्याला! गादीवर बसून साडी उलगडायचा आणि पदराच्या टोकाशी पोचेपर्यंत विसरायचा की समोर कोण आहे. हिरवी मागितली तर पिवळी काढायचा. आणि अण्णा नागनाथला डोळा मारून म्हणायचे, "असू दे रे, असू दे. वसुमती डोक्यात आहे." पोट दुखतंय म्हणायचं की हो!

बुधवारी तर कहर झाला. अण्णांनी आतून शर्ट काढला. नवा. पांढरा. शिंप्याकडून शिवून आणलेला, आणि माप कुठून घेतलं? तर हा दुपारी ताक पिऊन पाच मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटतो ना, तेव्हा खांद्याचं माप घेतलं. "कॉलर बघ, कॉलर! गळ्याशी बसते की नाही?" बसत होती. श्वास अडकावा इतकी नीट बसत होती. आणि वर म्हणतात, "तुझी आई धारवाडला. वडील नाहीत. मग मोठं माणूस कोण जाणार बरोबर? मी आणि विमला येतो. दुकान अर्धा दिवस बंद ठेवतो." बंद! अहो, अण्णांनी दुकान फक्त दोन लेकींच्या लग्नाला बंद ठेवलेलं. हयवदनच्या डोळ्यांसमोर आलं, की चौथ्या मजल्यावर, एसीत, टायवाल्या साहेबासमोर अण्णा फेटा बांधून आणि विमलाअक्का हळदीकुंकवाची कोयरी घेऊन, "मुलगी कुठाय?" म्हणाला, "नको अण्णा! म्हणजे... एकट्यालाच बोलावलंय. आजकाल तशी पद्धत आहे म्हणे. आधी मुलगा एकटाच."

अण्णा म्हणाले, "मी नको?" "तसं नाही अण्णा..." "नाही, नाही, बरोबर आहे. आजकालची पद्धत आपल्याला काय माहीत. सरी." आणि कात्री घेऊन, गिऱ्हाईक नसताना, उगीच कापड कापायला लागले. तुम्हाला सांगतो, रागावले असते तर बरं होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर याच्या डोक्यावरचा भार स्वल्प उतरला असता. त्या दिवशी हा दुकानातून निघाला, आणि पायऱ्या उतरून पुन्हा वर आला, म्हणाला, "अण्णा, एक सांगायचं होतं." अण्णा म्हणाले, "घाबरलास होय? अरे, मी विमलाला बघायला गेलो तेव्हा माझे पाय लटलट कापत होते. जा, झोप नीट." गेला बिचारा.

गुरुवार. अण्णांची सक्त ताकीद, की जाताना दुकानात येऊन देवाला नमस्कार करून जायचं. हा आला. अंगात नवा शर्ट, पायात सुशांतचे बूट, एक नंबर मोठे, आणि खिशात घडी करून ठेवलेला सुशांतचाच टाय. दुकानात विमलाअक्का हजर! हातात कापडी पिशवी. "अय्यो, किती छान दिसतोय रे! हे बघ, रिकाम्या हातानं जायचं नसतं. हा लाडवांचा डबा. हा नारळ." आणि अण्णांनी कपाटातून साडी काढली. मोळकालमुरूची, मोरपंखी, बारीक काठाची, दिवाळीपासून ती साडी कपाटात मागं सरकवून ठेवली होती, गिऱ्हाइकाला दाखवायची नाही म्हणून. "मुलगी पसंत पडली, तर तिथंच हातात दे. वेळ लावू नकोस. नाही पडली तर परत आण, लाजायचं काय त्यात?" हयवदन पाया पडायला वाकला तो उठेचना. अण्णांना वाटलं, किती संस्कार! आणि तो खाली वाकून अण्णांच्या पायांना तोंड उघडून सांगायचा प्रयत्न करत होता हो, पण आवाजच फुटेना!

मग काय! मॅग्नोलिया. बाहेरच टाय गळ्यात अडकवला. काचेचं दार. दारात शिपाई. "बॅग चेक." पिशवी उघडली. नारळ. शिपायानं नारळाकडे बघितलं, याच्याकडे बघितलं, म्हणाला, "पूजा आहे काय?" पुढं सरकता जिना. याच्या पुढं एक पोरगी फाईल घेऊन टकटक चढून गेली, आणि हा एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं टाय धरून, पाय उचलायचा, पायरी निघून जायची, पाय उचलायचा, पायरी निघून जायची, शेवटी बाजूचा साधा जिना चढून चौथ्या मजल्यावर पोचला. तिथं बाकावर वीस जणं. सगळ्यांच्या मांडीवर फायली, आणि याच्या मांडीवर लाडू. शेजारच्यानं विचारलं, "कसला वास येतोय?" हा म्हणाला, "तुपाचा."

नाव पुकारलं. हा दारात गेला आणि आत बघितलं, तर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. मऊ, जाड. आता अकरा वर्षांची सवय हो! अशी बैठक दिसली की पायातलं निघतंच. यानं दारातच बूट काढले, एक नंबर मोठेच होते, आपसूक निघाले, आणि मोज्यांतून अंगठा बाहेर अशा अवस्थेत साहेबांसमोर उभा. टेबलामागं दोघं, एक मुंबईचा साहेब, आणि एक सुप्रीता मॅडम, मॅनेजर. साहेबांनी अंगठ्याकडे बघितलं. अंगठ्यानं मोज्यात परत जायचा प्रयत्न केला. नाही जमलं.

"व्हाय डू यू वॉन्ट टू लीव्ह युवर प्रेझेंट जॉब?" पहिलाच प्रश्न! सुशांतनं शिकवलेलं ओठांवर होतं, नो ग्रोथ, नो ग्रोथ... आणि तोंडातून काय निघालं? "सर, थ्री गर्ल्स रिजेक्टेड." साहेब म्हणाले, "आय बेग युवर पार्डन?" हा म्हणाला, "साड्या दाखवतो म्हटलं की नाही म्हणतात, सर." मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. साहेब म्हणाले, "ओके, ओके. सेल मी समथिंग." "काय विकू, सर?" "एनीथिंग!" मॅडम कन्नडमध्ये म्हणाल्या, "त्या पिशवीत काय आहे?"

पिशवीत! हयवदनचा हात आत गेला आणि साडीला लागला, आणि साडी हाताला लागली की, तुम्हाला सांगतो, हा माणूसच बदलतो. टाय पाठीवर टाकला, मांडी घातली आणि खाली बसला. गालिच्यावर! साहेब खुर्चीतून उठून टेबलावरून डोकावतायत, गेला कुठं हा? "या अक्का, बसा," मॅडमना म्हणाला, आणि हात लांब करून टेबलावरचा त्यांचाच पाण्याचा पेला त्यांनाच दिला, "आधी पाणी घ्या, घाई नाही." आणि नजर कुठं? पायांकडे. सँडलची टाच बाहेरच्या बाजूनं झिजलेली, पट्टी सैल केलेली. म्हणाला, "अक्का, तुम्हाला भारी जर दाखवत नाही. दिवसभर उभ्या असता तुम्ही, संध्याकाळी पाय सुजतात. जड साडीत अजून त्रास. ही बघा, मोळकालमुरू. हलकी. उचलून बघा, वजनच नाही." आणि मनगटाचा तो झटका, पदर सळसळत गालिच्यावर पसरला, आणि मॅडम... मॅडम सँडल काढून खाली बसल्या हो! काठ बोटांत धरून हळूच म्हणाल्या, "केवढ्याला?"

आणि तिथं हयवदन थांबला. पदराकडे बघितलं. म्हणाला, "ही विकायची नाही, अक्का. ही मला दिलेली आहे." "कुणी?" "अण्णांनी. ज्यांच्याकडं कामाला आहे त्यांनी." "हे चपला बघायचं पण त्यांनीच शिकवलं?" "हो." साहेबांनी अर्ज उचलला, त्यावर हल्लीच्या मालकाचा फोन नंबर मागितलेला, आणि या भोळ्यानं इमानदारीत दुकानाचा नंबर लिहिलेला! मॅडमनी तिथल्या तिथे फोन फिरवला, वर स्पीकरचं बटण दाबलं. हयवदन गालिच्यावर, मांडीवर साडी, पळायला जागा नाही. पोट दुखतंय म्हणायचं की हो! खरंच दुखायला लागलं होतं आता!

"हल्लो, चिकपेटे." अण्णांचा आवाज. मॅडमनी अगदी स्वच्छ कन्नडमध्ये सांगितलं, मॅग्नोलिया दुकानातून बोलतेय, हयवदन नावाचा मुलगा आमच्याकडे नोकरीसाठी आलाय, तुमच्याकडं कामाला आहे ना, कसा आहे? पलीकडं काही नाही. मागं कुणीतरी गुलाबी मागत होतं, नागनाथ जांभळी दाखवत होता, ते सगळं ऐकू येत होतं. अण्णा नाही. हयवदन डोळे मिटून बसला. त्याच्या मनात आलं, आता ठेवणार फोन. ठेवा अण्णा. ठेवलात तर सुटेन मी.

"हौदु," अण्णा म्हणाले. "नम्म हुडुगा." हो, आमचा मुलगा! आणि मग बोलायला लागले. "अकरा वर्षं आहे माझ्याकडं. हात चांगला आहे त्याचा. गिऱ्हाईक तसंच परत गेलं तर त्याला जेवण जात नाही. घ्या त्याला. दुपारी स्वल्प ताक लागतं. एसीत सर्दी होईल, खिडकीजवळ उभा करा." मॅडम म्हणाल्या, "प्रामाणिक आहे?" पुन्हा ती गुलाबी-जांभळी ऐकू आली. अण्णा म्हणाले, "खोटं बोलता येत नाही त्याला." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "मॅडम, एक करा. मला फोन केला होता हे त्याला सांगू नका. लाजेल तो." खट्. स्पीकर बंद. मॅडमनीच साडी घडी करून पिशवीत ठेवली, आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या." साहेबांनी शेकहँडला हात पुढे केला. यानं दोन्ही हात जोडले.

नोकरी मिळाली हो! टाय मिळाला! आणि हा रेसिडेन्सी रोडवरून चिकपेटेपर्यंत चालत आला, बस सोडून, रिक्षा सोडून, सुशांतच्या मोठ्या बुटांत फटक फटक करत, म्हणजे पोचायला वेळ लागावा. वाटेत तीनदा म्हणून बघितलं, अण्णा, चुकलं. अण्णा, मी खोटं बोललो. अण्णा, मला मारा. दुकानात आला तर विमलाअक्का तिथंच, घरी गेल्याच नव्हत्या! "काय रे, काय झालं? कशी आहे?" त्यांनी पिशवीत हात घातला. साडी. नारळ. डबा, जसाच्या तसा. अक्कांचा चेहरा उतरला. "परत? चौथ्यांदा? अरे देवा... काय कमी आहे रे तुझ्यात?" आणि डोळ्यांना पदर लावला. आता हयवदनला राहवेना. "अक्का, तसं नाही, मी... मुलगी नव्ह..."

"पसंत आहे!" अण्णा गादीवरून म्हणाले. कात्री हातात, नजर कापडावर. "फोन आला होता मला त्यांचा. मुलगा पसंत आहे. सोमवारचा मुहूर्त." "सोमवार? या सोमवारी? आणि मग साडी का नाही दिली यानं?" "त्यांच्याकडं साड्या पुष्कळ आहेत. फक्त एक अट घातली." "कसली?" अण्णांनी कापड कापलं, घडी घातली, बाजूला ठेवलं. "मुलगा तिकडंच राहायला पाहिजे म्हणाले. घरजावई." "अय्यो! आणि तुम्ही हो म्हणालात?" "म्हणालो. मोठं घर आहे. आपल्याकडं किती दिवस बसवून ठेवणार?"

आणि तेव्हा हयवदननं गादीवर बसकण मारली आणि भोकाड पसरलं. सत्तावीस वर्षांचा पुरुष, गळ्यात टाय, गिऱ्हाइकांसमोर! अण्णांच्या गुडघ्याला धरून नुसता "अण्णा, अण्णा." गुलाबीवाली बाई साडी टाकून बघायला लागली. विमलाअक्का गोंधळून म्हणाल्या, "अहो, पण पसंत पडलं ना त्यांना? मग रडतो कशाला हा?"

अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, गुलाबीवालीकडे बघून 'एक मिनिट' म्हणून मान हलवली आणि म्हणाले, "रडू दे गं. सोमवारपासून दिवसभर उभ्यानं हसायचंय त्याला."